टकरच्या शेतातले राणीछाप

ॲशकूम्ब, ब्रिस्टलजवळ
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय श्यामला,

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो. मला जे हवंय ते हुंकारात मावणारं नाही.

तुझ्या बहिणीने तुला सांगितलं असेलच की मी हाताबाहेर गेलो आहे. रिटायर झालेले बाकीचे डॉक्टर गोल्फ खेळतात, मी मेटल डिटेक्टर घेतला, एवढाच माझा गुन्हा. सगळा जन्म ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात भूल देण्यात गेला. शेजारी काहीतरी बीप बीप वाजत नसलं की मला चुकल्यासारखं होतं. हे यंत्रही वाजतं, आणि ते वाजलं की कुणाचं काही बिघडलेलं नसतं.

आतापर्यंतची कमाई म्हणजे कोकच्या डब्यांच्या कड्या, काडतुसांची पितळी बुडं आणि एक नाल. सुप्रभा म्हणते, भंगारवाल्याकडे नोकरी धरा, निदान पगार तरी मिळेल.

पण माझी चूक मला कळली आहे. मी जिथे गाडी लावायला जागा असते ती शेतं शोधत बसतो. शोधायला हवीत ती पूर्वी माणसं थांबायची त्या जागांची शेतं, आणि त्या जागा आजच्या नकाशावर नसतात. वाटा बुजल्या, कुंपणं काढून चार शेतांचं एक केलं, बागा तोडल्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या मापाच्या नकाशात मात्र पायवाट, झरा, विहीर, फळबागेतली झाडंसुद्धा दाखवलेली असतात म्हणे. माणूस कुंपणाच्या पायऱ्या चढतो तिथे खिशातलं पडतं. पाणी आणि सावली बघून बसतो तिथेही पडतं. सोन्याची खाण शोधण्यापेक्षा बसायची जागा शोधणं सोपं आहे.

तू मँचेस्टरच्या युनिव्हर्सिटी लायब्ररीत नकाशांच्या खोलीत नोकरी केलीस. रिटायर झालीस तरी तुला तिथे अजून चहा मिळतो असं ऐकतो. तर ॲशकूम्बच्या पश्चिमेकडच्या भागाची एक फोटोकॉपी काढून पाठवशील का? टकर नावाच्या शेतकऱ्याची परवानगी मिळाली आहे. काही सापडलं तर निम्मं त्याचं, आणि गेट न विसरता लावायचं, एवढ्या दोनच अटी.

तुझा,
पद्माकर भाऊजी

---

मँचेस्टर
३ मार्च २००६

भाऊजींना नमस्कार,

फोटोकॉपी सोबत आहे, चार कागद चिकटवून एक केलाय. घडी काळजीने उलगडा, नाहीतर टकरचं शेत डेव्हनमध्ये जाईल.

हा १८८० च्या दशकातला नकाशा आहे. टकरच्या घराच्या मागे आज एकच लांबलचक शेत दिसतं, तिथे तेव्हा पाच तुकडे होते. मी पेन्सिलीने जो गोल केलाय तो बघा. दोन पायवाटा तिथे एकमेकींना छेदतात, खालच्या अंगाला झरा दाखवलाय, आणि वर ओळीने काढलेली छोटी झाडं म्हणजे फळबाग. पाणी, सावली, रस्ता, तिन्ही एका ठिकाणी. तुमच्या हिशेबाने तिथे अख्खं गाव बसून गेलं असणार. आज तिथे नुसतं गवत आहे, म्हणजे तुमच्याआधी तिथे यंत्र घेऊन जायचं कुणाला सुचलेलं नसेल.

माझी एक सूचना. नकाशा माणसं कुठे बसायची ते सांगतो, कोण बसायचं ते सांगत नाही. तेवढं तुम्ही स्वतःच्या मनाने भरू नका. तुम्हाला तशी सवय आहे.

ताईला सांगा, लोणचं पोचलं. बाटली फुटली नव्हती, झाकणच सुटलं होतं. पोस्टमन फार सभ्यपणे वागला.

तुमची,
श्यामला

---

ॲशकूम्ब
२० एप्रिल २००६

प्रिय श्यामला,

बसलीस का? बस.

तुझ्या पेन्सिलीच्या गोलात मला राणीछाप रुपये सापडले. राणीछाप म्हणजे राणीछापच, आपले, व्हिक्टोरियाच्या मुकुटाचे, मागे 'वन रुपी इंडिया' लिहिलेले. सॉमरसेटच्या चिखलात. पहिला निघाला तेव्हा मला वाटलं, माझ्याच खिशातून पडला. मग दुसरा निघाला. एकूण सात. सगळे टॉवेलाएवढ्या जागेत, वीतभर खोल. सर्वांत जुना १८६२ चा, नवा १९०१ चा. मी तिथेच गवतात बसकण मारली. टकर ट्रॅक्टर थांबवून विचारून गेला, हार्ट अटॅक आहे का म्हणून.

घरी आणून ब्रशने हलकेच धुतले. सुप्रभाला म्हटलं, आपले लक्ष्मीपूजनाचे रुपये काढ, ताडून बघू. तिने डबीतून दोन आणून ठेवले. मी म्हटलं, जास्त होते ना? म्हणाली, माहेरी राहिले असतील. मग गवार मोडत बसली. अगदी हुबेहूब आहेत म्हटलं, तर म्हणाली, राणी एकच होती, रुपये वेगळे कसे असतील. या बाईला इतिहासाचं काही म्हणजे काही नाही.

म्युझियमच्या बाईंना दाखवले. कायद्याच्या दृष्टीने हा खजिना नाही, तेवढे जुने नाहीत. पण त्या म्हणाल्या, इतके भारतीय रुपये एकत्र, शेतात, हे त्यांनी आधी पाहिलेलं नाही. टकरने त्याचा वाटा नको म्हणून सांगितलं. नकाशा तुझा, तेव्हा निम्मा मान तुझा.

पद्माकर

---

मँचेस्टर
९ मे २००६

भाऊजींना नमस्कार,

अभिनंदन. पत्र दोनदा वाचलं.

एक विचारायचं होतं. त्या शेताच्या कोपऱ्यावर दगडी चॅपेल आहे का, निळ्या दाराचं? सहज विचारते.

दुसरं असं की, १९०१ चा रुपया त्यात आहे, याचा अर्थ ते सगळे १९०१ नंतर तिथे गेले, इतकंच. नंतर म्हणजे कधी, ते नाणं सांगत नाही. पाच वर्षांनी असेल, पन्नास वर्षांनी असेल, त्याहून अलीकडेही असेल. चांदी गंजत नाही, तिच्याकडे बघून वय कळत नाही. तेव्हा गावात फार बोलू नका, अशी माझी विनंती. थोडं थांबा.

तुमची,
श्यामला

---

ॲशकूम्ब
३० जून २००६

प्रिय श्यामला,

चॅपेल आहे. दार आता हिरवं आहे. तुझ्या नकाशात दाराचा रंगही असतो की काय?

थांबा म्हणतेस, पण गाडी सुटली आहे. जुन्या जमीनपट्टीच्या नकाशात, १८४० च्या, तो तुकडा एका कॅप्टन लव्हेजच्या नावावर आहे. हा कंपनीच्या फौजेत मुंबई इलाख्यात होता. आता बघ, असा माणूस परत येताना एकटा येत नाही. आया आणतो, खानसामा आणतो. तिथे फळबागेत त्यांच्यापैकी कुणीतरी बसत असणार आणि तिथेच त्याने आपली पुंजी पुरली. १९०१ ची तुझी शंका मी सोडवली आहे. तो नोकर कॅप्टनच्या नातवाचा असेल.

येत्या २२ सप्टेंबरला गावच्या लोकल हिस्टरी सोसायटीत माझं भाषण ठरलंय. पोस्टर लागलं आहे. त्यावर माझं नाव बरोबर लिहिलंय, यावरून समजून घे की प्रकरण किती गंभीर आहे.

तुला मनातलं सांगतो, सुप्रभाला सांगता येत नाही. पाच वर्षं मी त्या सोसायटीत जातो. शेवटी खुर्च्या रचतो. माणसं वाईट नाहीत, पण प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं, तुम्ही मूळचे कुठले. ब्रिस्टल म्हटलं की हसतात, म्हणतात, नाही, मूळचे. तीस वर्षांहून जास्त काळ मी या लोकांना झोपवलं आणि परत उठवलं, ऑपरेशन टेबलावर मला कुणी असं विचारलं नाही. मला त्याचा त्रास होतो, श्यामला. आता त्या हॉलमध्ये उभा राहून मी सांगणार आहे की तुमच्या मातीत आमचं माणूस शंभर वर्षांपूर्वी बसलेलं आहे. आम्ही काल आलेलो नाही. मला या भाषणाची किती गरज आहे ते तुला कळणार नाही.

तुझ्या पत्राचा सूर मला नीट वाटला नाही. नकाशाचं श्रेय हवं असेल तर तुझं नाव भाषणात घेणारच आहे.

पद्माकर

---

मँचेस्टर
११ जुलै २००६

प्रिय ताई,

हे पत्र भाऊजी बागेत असताना उघड.

माझ्या पेन्सिलीच्या गोलात राणीछाप सापडले असं त्यांनी लिहिलं आणि माझ्या हातातला चहा गार झाला. निळ्या दाराचं चॅपेल. पंचाहत्तरचा नोव्हेंबर. मी नुकती तुझ्याकडे राहायला आले होते. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधली तुझी शेजारीण आशा, तिच्या त्या छोट्या गाडीत आपण तिघी, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं मसालेभाताचं पातेलं. आशाला कुणीतरी सांगितलं होतं की गूजबेरी म्हणजे इकडचा आवळा, आणि तिच्या नवऱ्याच्या पेशंटच्या बागेत गूजबेरी आहे. पान नाही, फळ नाही, नुसते काटे, आणि आपण त्या झुडपाला हळदकुंकू वाहून त्याच्या शेजारी थंडीत कुडकुडत आवळीभोजन केलं. माझी साडी फाटली. झाडं, पाणी आणि वाट बघून आशाने सतरंजी घातली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनीही तेच बघितलं असणार. भाऊजींचं शास्त्र खरंच आहे, फक्त ते शोधत गेले आणि पोचले तुझ्याजवळ.

कार्तिकातल्या त्या नवमीला कोहळ्यात नाणी घालून गुप्तदान करायचं असतं, कोहळा मिळाला नाही म्हणून तू अलॉटमेंटवरचा, भाड्याने घेतलेल्या भाजीच्या वाफ्यातला, मोठा मॅरो आणलास, इकडचा तो दुधीसारखा भोपळा. त्याला चौकोनी खाप पाडून आजीचे रुपये आत घातलेस. मग द्यायचा कुणाला हा प्रश्न आला. ब्राह्मण तुझ्या आणि आशाच्या घरी एकेक, पण स्वतःच्या नवऱ्याला दान चालत नाही, आणि आशाच्या नवऱ्याला दिलं तर ते गुप्त राहिलं नसतं. शेवटी उलथन्याने खड्डा करून झुडपाखाली पुरला, भूमातेला दिला म्हणून. मॅरो कुजला, रुपये राहिले.

तू तेव्हा आम्हा दोघींना शपथ घातलीस, कुणाला बोलायचं नाही, बोललं की पुण्य जातं. मी बोलले नाही. पण आता भाऊजी गावासमोर उभे राहून कॅप्टनच्या नातवाचा खानसामा सांगणार आहेत. उद्या कुणी खोटं ठरवलं तर त्यांना ते सहन होणार नाही. तू सांग त्यांना. तू मूल मागितलं होतंस आणि वर्षाने अर्जुन झाला, त्यात लपवायचं काय आहे?

श्यामला

---

ॲशकूम्ब
२ ऑगस्ट २००६

प्रिय श्यामला,

मूल मागितलं नव्हतं.

दान देताना काही मागू नये, ते मी मागितलं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुला आठवत असेल, ह्यांची फेलोशिपची परीक्षा तेव्हा दोनदा हुकली होती. तिसऱ्यांदा डिसेंबरात होती. पास झालो की परत, असं ठरलं होतं. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये प्रत्येक मराठी घरात हेच ठरलेलं असायचं. आमच्या ट्रंका मी माळ्यावर टाकू दिल्या नव्हत्या, पलंगाखाली ठेवल्या होत्या, ओढल्या की निघता यावं म्हणून. मी मागितलं ते एवढंच, की ह्यांना पास कर, म्हणजे आम्ही सुटू.

पास झाले. मग म्हणाले, दोन वर्षं अनुभव घेऊ. मग अर्जुन झाला. मग वरची पोस्ट मिळाली, मग घराचं कर्ज, मग अर्जुनची शाळा. एक दिवस मीच ट्रंका वर टाकायला सांगितल्या, केर काढायला अडचण होत होती. देवाने मागितलं तेवढं दिलं. पुढचं मी ह्यांच्याकडे मागायला हवं होतं, ते मागितलं नाही. राग देवावर काढला, जो ह्यांच्यावर काढायचा होता.

आता हे स्वयंपाकघरात भाषणाची तालीम करतात. माझे रुपये हातात घेऊन मलाच सांगतात की आपली माणसं इथे किती जुनी रुजली आहेत. मला हसूही येतं आणि ओट्याला धरून उभं राहावं लागतं. पण त्यांना इतकं खूश मी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही. बोलू दे त्यांना. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. तू काही लिहू नकोस.

ताई

---

ॲशकूम्ब
२८ सप्टेंबर २००६

प्रिय श्यामला,

तुला सगळं माहीत होतं. त्या १९०१ च्या रुपयावरून तू मला हळूच सुचवत होतीस आणि मी ते श्रेयाचं भांडण समजलो. माझं चुकलं.

भाषण चांगलं झालं, असं मीच म्हणतो. हॉल भरला होता. पडद्यावर तुझा जुना नकाशा आणि त्यावर आजचा, असे एकावर एक दाखवले. बाग नाहीशी झाली, वाटा नाहीशा झाल्या, आणि त्या वाटा छेदायच्या तिथे सात रुपये आले, तेव्हा लोक खरंच खुर्चीत पुढे सरकले. कॅप्टन सांगितला, खानसामा सांगितला. शेवटचं वाक्य पाठ केलं होतं: ज्याने हे पुरलं त्याने या जागेला आपलं घर मानलं होतं. टाळ्या पडल्या. सुप्रभा पहिल्या रांगेत होती, तीही वाजवत होती.

मग प्रश्न. टकरची म्हातारी आई आली होती, नव्वदीच्या घरातली. तिने हात वर केला. म्हणाली, प्रश्न नाही, आठवण आहे. आमच्या त्या बागेत एकदा भर नोव्हेंबरात रंगीत कपड्यांतल्या तीन सुंदर बायका जमिनीवर बसून जेवत होत्या. माझा नवरा म्हणाला, ह्या कुठून तरी पळून आलेल्या दिसतात, त्यांना चहा नेऊन दे. मी चहा नेईपर्यंत त्या गेल्या होत्या. तुमच्या खानसाम्याच्या नाती असतील का त्या?

लोक हसले. मीही हसणार होतो. तेवढ्यात सुप्रभा उठली. मला वाटलं, खुर्ची सरकवायला उठली. ती मागे वळून म्हातारीला इंग्रजीत म्हणाली, त्यातली एक मी. चहाबद्दल आभार.

मग तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गूजबेरी, मॅरो, उलथनं, तू, आशा. शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं. मी पॉइंटर हातात धरून उभा. कुणीतरी विचारलं, त्या बदल्यात तुम्ही काय मागितलं? ती म्हणाली, माझा नवरा परीक्षेत पास व्हावा, म्हणजे आम्हाला घरी जाता येईल. मागून एकजण ओरडला, मग तो पास झाला का? मी हो म्हटलं. पुन्हा टाळ्या पडल्या. मला आयुष्यात मिळालेल्या सगळ्यांत वाईट टाळ्या त्या.

चेअरमन म्हणाले, सोसायटीची इतकी रंगलेली सभा त्यांना आठवत नाही. चहाच्या वेळी सगळे सुप्रभाभोवती होते. मी कुठला, हे कुणी विचारलं नाही. मी खुर्च्या रचल्या.

घरी आल्यावर सुप्रभाने दूध तापत ठेवलं. मी विचारलं, तेव्हा मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर आपण गेलो असतो का?

भूल देताना पेशंटला खोटं सांगायची सवय असते, काही दुखणार नाही म्हणून. तसंच 'हो, गेलो असतो' जिभेवर आलं होतं. पण मी तिला खरं ते सांगितलं, नाही. गेलो नसतो. मला इथे राहायचं होतं आणि मी तुला विचारलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला माहीत होतं.

ती म्हणाली, बरं झालं बोललात. दूध उतू गेलं, ते पुसलं, आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी म्युझियमला फोन करून खरी हकीगत कळवली. रुपये सुप्रभापुढे ठेवले तर म्हणाली, दिलेलं परत घेत नाहीत. ते सोसायटीने हॉलच्या काचेच्या कपाटात ठेवले आहेत. त्यांना कॅप्टनपेक्षा मॅरो जास्त आवडला.

आज सकाळी मी तिला विचारलं, अजून जायचंय का? हे एकतीस वर्षांपूर्वी विचारायचं होतं हे मला कळतं, तू लिहू नकोस. ती म्हणाली, विचारलंत ना, मग काढा तिकिटं.

हाउन्सलोच्या आपल्या नेहमीच्या एजंटला फोन लावला. मुंबईची दोन, ऑक्टोबरअखेरची. त्याने विचारलं, परतीची तारीख काय घालू? सुप्रभा शेजारीच उभी होती. म्हणाली, ती रिकामी ठेवायला सांगा.

मी तसं सांगितलं.

पद्माकर